भांडणासाठी मासा ठेवू देण्याबाबत

प्रति,
मा. श्री. मिसिगालो,
परवाना अधिकारी, सरोवर मत्स्य कक्ष,
किगोमा.

अर्जदार : सिल्वेस्टर रुहुझा, निवृत्त पाणबुड्या, रा. कतोंगा.

विषय : सरोवरातून धरलेला एक लहान सिक्लिड मासा (मादी) घरच्या काचेच्या टाकीत राहू देण्याबाबत.

संदर्भ : आपली नोटीस, जी आपल्या पहारेकऱ्याने गुडघे वाकवून, दोन्ही हातांनी अर्जदारास दिली.

महोदय,

१. सदर अर्जदाराची हयात टांगानिका सरोवराच्या तळाशी गेली. परदेशी धाडायचे शोभेचे मासे व्यापाऱ्यासाठी धरणे, हा त्याचा धंदा. शेवटच्या बुडीत, रिकाम्या शंखांनी भरलेल्या वाळूतून, त्याने सदर मासोळी आणली. ती करंगळीएवढीही नाही. पण डब्यातल्या शेजाऱ्यांची शेपटं तिने अशी कुरतडली की व्यापारी म्हणाला, "रुहुझा, ही कैदाशीण विमानात बसली तर विमान माघारी येईल. घेऊन जा तुझ्या घरी!" अशा रीतीने ती घरी आली.

२. टाकी खिडकीपाशी आहे. तळाशी वीतभर वाळू, वाळूत एक शंख, शंखात ती. पाणी सरोवराचेच, अर्जदार स्वतः डब्याने वाहून आणतो. खायला 'दगा' नावाच्या वाळलेल्या बारीक मासळीचा चुरा. रोज सकाळी अर्जदार हात घालून तिचा शंख जरासा सरकवतो. ती कल्ले फुगवून येते, बोटाच्या पेराला चावते, मग तोंडाने वाळू उपसत उपसत शंख होता तिथे आणते. उपसलेली वाळू काचेवर फेकते. अर्जदार म्हणतो, "अगं, घर माझं आहे!" हे तिला मान्य नाही.

३. असा मासा फक्त विक्री, पैदास किंवा अभ्यास यासाठीच ठेवता येतो, अन्यथा तो धक्क्यावरून पाण्यात सोडावा, असे नोटिशीत आहे. विक्रीचे वर सांगितलेच. पैदाशीचे म्हणाल तर शेजारच्या तेओडोराबाई वडीलधाऱ्यास घालतात ती हाक घालून म्हणाल्या, "म्झे, एकटी आहे बिचारी, नवरा आणून द्या." आणला. तो दिवसभर वरच्या कोपऱ्यात, पाण्याबाहेर नाक काढून उभा, पंखांच्या चिंध्या. संध्याकाळी त्याला होडीने त्याच्या वाळूत पोचवले. बाई म्हणाल्या, "अगं बाई! आता तुम्हीच सांभाळा तिला." अभ्यास अर्जदारास झेपणार नाही.

४. धक्क्याखाली चिखल आहे, शंख एकही नाही. शंखाविना ही मासोळी संध्याकाळही पाहणार नाही, हे तळ पाहिलेला माणूस सांगतो आहे. आपल्या पहारेकऱ्याने तिला न्यायला टाकीत हात घातला. ती चावली. "आई गं!" म्हणून तो खळखळून हसला. मग अर्जदाराकडे पाहून एकदम ताठ झाला, "माफ करा, म्झे," म्हणाला आणि निघून गेला. पुष्कळ दिवसांनी त्या घरात कोणी हसले होते. त्याने माफी मागायला नको होती.

५. अर्जदाराची पत्नी कबुला ही तबोराकडची. तिकडची माणसे आणि आम्ही 'हा' जमातीचे, मीठ विकणारे लोक यांच्यात उतानी आहे, म्हणजे थट्टेचे नाते : एकमेकांना वाट्टेल ते बोलावे, आणि रागावेल त्याने दंड भरावा. लग्नाच्या दिवशीच ती चारचौघांत म्हणाली, "या 'हा' माणसाला मीठ विकायला पाठवा गं, नवरा म्हणून काय कामाचा!" त्या दिवशी उघडलेले तिचे तोंड तापानेच मिटवले. चूल तिच्यावाचून पेटते, दिवा तिच्यावाचून लागतो. पण भिंतीला भिंत बोलत नाही. गावात आता सगळे मान देतात. पोरे जागा सोडून उठतात. दारावरून जाणारा वडीलधाऱ्याला करतात तो नमस्कार करतो, "शिकामू, म्झे." अर्जदार ठरलेले उत्तर देतो, "मरहबा." संपले. मान दिला की माणूस पुढे बोलत नाही. दिवसभरात अर्जदारावर धावून येणारी तेवढी एकच आहे, आणि ती शंखात राहते.

६. सबब प्रार्थना की विक्री, पैदास, अभ्यास यांखाली 'भांडण' हे चौथे कारण लिहून घ्यावे. परवाना एकाच मासोळीपुरता आणि एकाच माणसापुरता असावा. दोघांपैकी एक गेला की तो आपोआप रद्द समजावा.

७. आपणही तबोराचेच, असे पहारेकऱ्याकडून कळले. तरी नोटिशीच्या माथ्यावर आपण 'परमपूज्य वडीलधारे' असे घातले आहे. कबुलाच्या मुलखातून आलेला हा पहिलाच कागद, आणि त्यात एक शिवी नसावी, याचे अर्जदारास फार वाईट वाटले. आपणास संकोच वाटत असेल तर सुरुवात अर्जदार करतो : अरे तबोराच्या आंबेखाऊ, उन्हाळ्यात ज्यांच्या नद्या धूळ होऊन उडतात त्यांच्यातला तू, तुला मासा कुठून कळायचा? झाडावर पिकतो असं वाटलं होय रे तुला?

राग आला असल्यास पहारेकऱ्यास पाठवू नये. स्वतः यावे, स्वतःचा हात टाकीत घालावा, आणि तोंडाला येईल ते बोलावे. चहा ठेवला जाईल.

आपल्या शिवीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
सिल्वेस्टर रुहुझा
कतोंगा, १४ ऑगस्ट