लंगोटांच्या घडीत

सिद्धेश्वरी,

चिठ्ठी बाळाच्या लंगोटांत ठेवलीय, कारण त्यांना तुझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. वाचून फाडून टाक. नवरा आहे म्हणून प्रभु भावोजींना दाखवू नकोस, तेही यात सामील आहेत.

तुला थोरला आहेच, म्हणून आज बारशात हे बाळ माझ्या ओटीत घालायचं ठरलंय. कायमचं. ना तुला विचारलं, ना मला. पाळणा वर माझ्या खोलीत बांधलाय, दुधाच्या पावडरचा डबाही आणलाय. तुझ्या माहेरी बारसं उद्या आहे म्हणून कळवलंय. आत्याबाई सासूपणा विसरून माझ्याशी लई गोड बोलायला लागल्या, तेव्हाच मी ओळखलं.

मी मूल व्हायची इंजेक्शनं बंद केली तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाई खचली. खचले नाही गं. मंगळवेढ्याच्या बायकांबरोबर कडक भाकरीचं काम धरलं आणि थापता थापता डोकं शांत झालं. मला आता लेकरू नको, दुसरीचं तर नकोच. पण काल त्या रिकाम्या पाळण्याला मी झोका दिला, आणि माझीच मला भीती वाटली.

म्हणून पहिल्या एसटीनं मंगळवेढ्याला चाललेय. ओटी धरायला मीच नसले तर घालतील कुणाच्या? तुझ्या अण्णांना फोन केलाय, ते मैंदर्गीहून निघालेत. तोवर आतून कडी लाव. फळीवर भाकरी आणि शेंगाचटणी ठेवलीय.

न्हाऊ घालायला म्हणून कुणी बाळ मागितलं तरी देऊ नकोस. मी परत येऊन मागितलं, तरी.

जगदेवी अक्का