शुक्रवार पेठेतलं उघडं माळवद

सोलापूर, शुक्रवार पेठ
वैशाख शुद्ध नवमी

तीर्थस्वरूप महिपतदादा यांच्या पायांशी कुंडलिकचा दंडवत. इकडे मी, घराच्या भिंती आणि वरचं आकाश असे सर्व सुखरूप आहोत. तुमची पाठदुखी कशी आहे? एरंडाच्या पानांनी उतार पडला का? वहिनींना नमस्कार, सोजरआत्यांना नमस्कार, बाळाला अनेक आशीर्वाद (त्याला माझं तोंड आठवत नसेल, बारशाला मी पाहिलं तेव्हा तो झोपला होता आणि मी निघालो तरी झोपलेलाच होता). महानंदाला काय सांगायचं ते शेवटी लिहितो. अजून तेवढा धीर झालेला नाही.

बारशाच्या दिवशी तुम्ही चारचौघांत मला बजावलंत की डोक्यावरचं मातीचं माळवद धड झाल्याशिवाय बहीण आणि भाचा सोलापूरला पाठवणार नाही. योग्यच बोललात. मागच्या पावसाळ्यात आमच्या माजघरात जमिनीपेक्षा भांडी जास्त दिसत होती, ते तुम्ही स्वतः पाहिलंय. (तुम्हाला आम्ही ताटात वाढलं की गळतीखालच्या परातीत, याबद्दल महानंदाला अजून शंका आहे.) हे घर विकताना त्या गृहस्थांनी मला सांगितलं होतं की घर वयानं जुनं आहे, पण स्वभावानं चांगलं आहे. त्यात खोटं काही नाही. माणसाचा स्वभाव चांगला असला म्हणून त्याचे गुडघे दुखायचे राहत नाहीत, तसंच घराचंही आहे, एवढं फक्त मला तेव्हा सुचलं नाही.

तर तुमच्याकडून, सांगोल्याहून परतल्याबरोबर मी शंकरप्पा नावाच्या गुत्तेदाराला बोलावलं. डोक्याला जरीकाठी रुमाल, काखेत छत्री, बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपलं घर आपोआप उभं राहताना दिसावं. ते वर जाऊन माळवदावर पाय आपटू लागले आणि मी खाली माजघरात उभा राहून त्यांची चाहूल ऐकत होतो. एकाएकी आढ्याशी माती सुटली आणि गुडघ्यापर्यंतचा एक पाय, वहाणेसकट, आत आला. तो पाय काही वेळ हवेत विचार करत राहिला. मग वरून शंकरप्पांचा शांत आवाज आला, "बघा रावसाहेब, म्या हेच सांगत होतो की!" दुसऱ्या दिवशी त्यांची माणसं आली आणि दुपारच्या आत त्यांनी माजघरावरची सगळी माती, फळ्या आणि वाळवीनं पोखरलेली मधली तुळई उतरवून गल्लीत ठेवली. इतकं चपळ काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मग शंकरप्पा भाचीच्या लग्नासाठी अक्कलकोटच्या बाजूला गेले. त्यानंतर त्यांचं आमच्याकडं येणं काही नीट जुळून आलं नाही.

मग सुतार पाहिला. रावजी त्याचं नाव, माणूस गोड. प्रत्येक तुळईला कान लावून तो टकटक करायचा आणि आतून कुणी ओ देतंय का, असं ऐकत राहायचा. नव्या तुळईचं माप त्यानं सुतळीनं घेतलं, सुतळीला गाठ मारली आणि ती खिशात घातली. घरी त्याच्या बायकोनं त्या सुतळीनं शेळी बांधली. पुन्हा आला, पुन्हा माप घेतलं. या वेळी सुतळी शाबूत राहिली, पण गाठ कुणीतरी सोडली. मी पट्टी देऊ केली तर म्हणाला, "पट्टीवर माजा इस्वास न्हाय दादा. पट्टी सगळ्या घरास्नी सारकीच मापती." या बोलण्यावर मी बराच वेळ विचार करत राहिलो. तुळईचं म्हणाल तर ती घरापर्यंत येऊन पोचली, असं काही म्हणता यायचं नाही.

राहता राहिले गवंडी, चनमल्लप्पा. वय झालेलं, कपाळावर भस्माचे पट्टे, आवाज थंड पाण्यासारखा. दादा, भरवशाचा माणूस म्हणजे हा! रोज सकाळी येतातच. येतात, थापी आणि ओळंबा कोनाड्यात ठेवतात, आणि माजघरात वरून जो उन्हाचा चौकोन पडतो त्याच्या कडेला सावलीत बसतात. ऊन सरकेल तसे तेही सरकतात. सकाळी देवळीपाशी, दुपारी जात्यापाशी, उतरत्या उन्हाला उंबऱ्यापाशी. मग उठतात, हत्यारं घेतात आणि "शरणार्थ" असा निरोपाचा नमस्कार करून घरी जातात. मी एकदा धीर करून विचारलं की काम केव्हा सुरू करायचं. ते म्हणाले, "घर अजून झोपेत हाय. झोपेतल्या माणसाच्या अंगावर माती टाकायची का?"

आधी मला राग आला. मग मीही त्यांच्या शेजारी बसायला लागलो (पेढीवर सध्या मी सकाळचाच जातो). आणि खरं सांगतो दादा, त्या उजेडाची सवय लागते. दुपारी गिरणीचा भोंगा होऊन गेला की पेठ गप्प होते. कुठल्यातरी मागाचा खटका लांबून ऐकू येतो, तोही झोपाळू. वरून ऊन खाली उतरतं, त्यात कापसाचे बारीक तंतू तरंगत असतात, आणि ते खाली पडत नाहीत, वर जात नाहीत, नुसते आपले असतात. एखादी घार त्या निळ्या तुकड्यात शिरते, फिरते, निघून जाते. चनमल्लप्पा अर्धवट डोळे मिटून बोलत राहतात. या घरात कुठल्या कोपऱ्यात कोण निजत असेल, कुठल्या भिंतीला टेकून कुणी धान्य निवडलं असेल. ऐकता ऐकता मला बाळ रांगताना दिसतं, उन्हाचा चौकोन मुठीत धरायला बघतंय. दाराशी महानंदा उभी दिसते, तिच्या हाताला कणीक लागलेली. डोळे उघडले की उन्हात तंतूच असतात.

परवा मात्र जरा गडबड झाली. शेजारच्या काशम्मांनी आपल्या माळवदावर पापड वाळत घातले होते. भर दुपारी वावटळ उठली आणि ते सगळे पापड उचलून तिनं आमच्या माजघरात सोडले. दादा, तुम्ही ते पाहायला हवं होतं. पापड सावकाश, गिरक्या घेत, उन्हातून खाली येत होते, आणि मी व चनमल्लप्पा माना वर करून पाहत बसलो होतो. एक त्यांच्या रुमालावर उतरला. त्यांनी तो काढलासुद्धा नाही. पाठोपाठ वरून काशम्मांचं तोंड दिसलं. "अय्यय्यो, नन्न हप्पळ!" म्हणून त्यांनी जो कानडीचा भडिमार केला त्यातलं मला पापडापुढचं काही कळलं नाही, पण चनमल्लप्पांना सगळं कळलं असावं, कारण ते उठून चक्क माती कालवायला लागले. संध्याकाळपर्यंत त्यांनी कालवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाळून दगड झाली होती, आणि आम्ही दोघं पुन्हा उन्हाच्या कडेला.

तेव्हा विनंती अशी की सांगोल्याकडचा एखादा भरवशाचा गवंडी, बोललेल्या दिवशी येणारा आणि आल्यावर उभा राहणारा, तुमच्या ओळखीनं पाठवावा. सोलापुरात असा माणूस मला मिळालेला नाही. वळवाचे ढग जमायला लागले आहेत. आणि महानंदाला सांगा की आणखी थोडी कळ काढ. दिवाळीपर्यंत म्हणा. (दिवाळी म्हणू नका. नुसतं थोडी कळ म्हणा.) तिच्याशिवाय घर फार मोठं वाटतं, हे सांगू नका, किंवा वहिनींना सांगा, त्या तिला सांगतील.

आपला,
कुंडलिक

ता. क. पत्र टपालात टाकायला निघालो तर दारात महानंदा, काखेत बाळ, मागं सोजरआत्या बोचकं घेऊन. तुम्ही बैल पाहायला मोडनिंबला गेलात म्हणून वहिनींनीच त्यांना सर्व्हिस मोटारीत बसवून दिलं म्हणे. तुम्ही घरी परतून घाबरला असाल, म्हणून हे त्याच पत्रावर लिहितो. महानंदानं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. चनमल्लप्पा मात्र मी ओळखायला लागल्यापासून प्रथमच, घरी जायची वेळ झालेली नसताना, कुणी न सांगता उभे राहिले. बाळ जागं होतं, दादा. माझ्याकडं बघत होतं. सांगोल्याचा गवंडी पाठवण्याची घाई नाही.

दुसरा ता. क. आत्यांनी बोचकं खाली ठेवलं, पाणी प्यायल्या, आणि पत्ता विचारत जाऊन शंकरप्पा व रावजी दोघांनाही घेऊन आल्या. कसं ते मला ठाऊक नाही. उरलेल्या कागदावर महानंदाला लिहायचं आहे. मला वाचू देत नाही.

दादास महानंदाचा नमस्कार. रागावू नका, वहिनींना तर मुळीच बोलू नका. ह्यांनी वर काय लिहिलंय ते वाचलं. शंकरप्पा लग्नाहून आल्यावर कितीदा तरी दाराशी येऊन गेले. ह्यांनीच त्यांना परत लावलं, आज उजेड फार चांगला पडलाय, उद्या या, म्हणून. नवी तुळईसुद्धा केव्हाच तयार होती. "घाई न्हाय म्हनाले मालक, मंग ठिवली की काशम्माच्या परसात," असं रावजी सांगतो. मी विचारलं, असं का हो केलंत? तर म्हणाले, माळवद बंद झालं की आत अंधार होणार आणि घरात मी एकटा. तू आणि बाळ येईपर्यंत तेवढा उजेड तरी असू दे म्हटलं. आता अशा माणसाला कोण काय बोलणार? माळवद बंद झालं की तुम्ही आम्हाला पाठवणार होता, हे ह्यांच्या ध्यानातच आलं नाही.

एवढं लिहून पत्र दोन दिवस तसंच राहिलं. काम झपाट्यानं चाललंय. वळीव यायच्या आत होईल. तुळई बसली, तिला कडी मारून घेतलीय, म्हणून माडीवरचा आपला पाळणा तेवढा लगेच पाठवून द्या. आणखी एक. वर उजेडासाठी साणं ठेवतात ते इकडं वीतभर असतं, चनमल्लप्पांनी चांगलं परातीएवढं ठेवलंय. ह्यांना वाटतंय की चनमल्लप्पांनीच कुणाचं ऐकलं नाही, आणि हे मनातून खुशीत आहेत. तसं ठेवायला त्यांना मी सांगितलं. ह्यांना कळवू नका.