पन्नास दातांची चक्री

किन्हवली,
१२ मार्च २०२५

ती. धनेशमामास,
शि. सा. न. वि. वि.

हा साष्टांग नमस्कार आईने समोर बसून लिहायला लावला. मनातल्या मनात मी तो परत घेतला आहे. फोनवर तू पहिल्याच वाक्याला चिडून फोन ठेवतोस, म्हणून हे पत्र.

मी इकडे डिप्लोमाची परीक्षा देत होते आणि तू तिकडे वैशाखऱ्यात माझ्या गो-कार्टच्या चेनची मागची चक्री बदलून टाकलीस! साठ दातांची काढून चाळीसची! रोशनने आपल्या बापाची चुगली केली नसती तर मला जत्रेच्या शर्यतीतच कळलं असतं. मागे दात जास्त तर ओढ जास्त आणि वेग कमी. दात कमी तर वेग जास्त, पण जागची हलायला गाडीचा जीव जातो. हे तुला ठाऊक नाही असं थोडंच आहे? तरी तू म्हणे सगळ्यांना सांगत सुटला आहेस की सुरुवातीला मागून चार जण धक्का देतील, मग आमची कुणाली उडालीच समजा.

मला धक्का नको आहे. चेसिस मी वेल्ड केली, स्टिअरिंग मी बसवलं, तरी गावभर ती धनेशची गाडी. वर्कशॉपमध्ये मी पाना उचलला की कोणीतरी येऊन तो हातातून काढून घेतो आणि तू राहू दे म्हणतो. शर्यतीत मी एकटीच मुलगी. धक्क्यावर निघाले तर पहिली येऊनही लोक म्हणणार, पोरांनी ढकलली म्हणून गेली. निदान सुटताना तरी मला माझ्या जोरावर सुटू दे.

एकदा तूच त्या चाळीसवर बस. कोणाला हात लावू देऊ नकोस आणि कापलेल्या शेतातून निघून दाखव. मग आपण बोलू.

मामीला नमस्कार. लोभ असू दे, राग माझ्याकडे भरपूर आहे.

तुझी भाची,
कुणाली


वैशाखरे,
१९ मार्च २०२५

चि. कुणालीस,
अ. उ. आ.

आशीर्वाद मनापासून आहेत, त्यापुढचं सगळं रागाने. तुझं पत्र तुझ्या मामीने ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं. शेजारपाजारचे कान देऊन ऐकत होते. चांगली शोभा केलीस माझी!

अगं, बैलांच्या शर्यतीत माझी हयात गेली. माणसांशिवाय सुटलेली एक जोडी दाखव. निशाण पडलं की मागून गाव हात लावतं, आरोळी ठोकतं, तेव्हा गाडी सुटते. ज्याच्या गाडीला हात लावायला कोणी येत नाही, त्याला गावात विचारतं कोण? त्याला मान म्हणतात. मी तुझ्यासाठी घरोघर जाऊन माणसं सांगून ठेवली आणि तुला त्यात अपमान दिसला! साठ दातांवर तू शेवटी मागे पडली असतीस. ते मला बघवलं नसतं, एवढाच माझा गुन्हा.

तरी तुझ्या हट्टापायी बसलो. चाळीसवर गाडी ढेकळांतून हातभर सरकली आणि क्लचमधून धूर. रोशन पोट धरधरून हसला, त्याच्याशी मी बोलत नाही. मग साठची चढवली. निघाली झोकात, पण अर्ध्या शेतात इंजिन बोंबलायला लागलं आणि वेग काही वाढेना. शेवटी मुरबाडहून पन्नासची आणली. तिच्यावर गाडी एकटी सुटते आणि पुढे धावतेही. तुझं ऐकून नाही बसवली, गाडीचं ऐकून बसवली.

धक्क्याचं मात्र मी काही कबूल केलेलं नाही. सांगून ठेवलेल्या माणसांना आता कोणत्या तोंडाने नको म्हणू? तुझं वय रुसायचं आहे, मला याच गावात राहायचं आहे.

तुझ्या आईला सांग, पोरीला लाडावून ठेवलीय. लोभ आहेच, चिडून तो कमी होत नाही.

तुझा,
धनेशमामा


किन्हवली,
८ एप्रिल २०२५

ती. धनेशमामास,
शि. सा. न. वि. वि.

दुसरी आले. तू विचारायला आला नाहीस, म्हणून कळवते. पन्नासची चक्री बरोबर होती. तिचं श्रेय तुझं, ते देऊन टाकते. आता माझं ऐक.

निशाण पडायच्या आधी मी एकदाच मागे वळून पाहिलं. तू माणसं घेऊन धक्क्याला उभा असशील, अशी भीती होती. तू उभा होतास, पण माझ्याकडे पाठ करून! हेल्मेटमध्ये काही ऐकू येत नव्हतं, तुझी पाठ तेवढी दिसली. मग निशाण पडलं, मी निघाले आणि कोणाचा हात लागला नाही. हेच मला हवं होतं. तरी सगळ्या शर्यतीत मला तुझी पाठच दिसत राहिली.

शर्यतीनंतरही तुझा पत्ता नाही. मामी म्हणाली, डोकं दुखतं म्हणून घरी गेला. धक्का नाकारला म्हणून एवढा राग? मला धक्का नको होता. मामा नको, असं मी कधी म्हटलं?

आई लोभ मागायला सांगते आहे. मी या वेळी मागत नाही.

कुणाली


वैशाखरे,
१५ एप्रिल २०२५

चि. कुणालीस,
अ. उ. आ.

तू लिहितेस पाठ केली. त्या पाठीच्या पुढे काय चाललं होतं, ते तुला कोण सांगणार?

निशाणवाल्याने हात वर केला तशी मी सांगून ठेवलेली माणसं धावली. आदल्या दिवशी नको म्हणून घरोघर सांगून आलो होतो, पण कोणाला ते खरंच वाटलं नव्हतं. सगळ्यांच्या पुढे गोदूकाका, बाह्या सारून. तोंडाने थांबेनात, तेव्हा दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिलो. गोदूकाका म्हणाला की भाचीच्या गाडीला हात लावून नाय देत, आमी काय परके झालो काय रे? माझ्या बैलांमागे त्याचा हात नव्हता अशी एक शर्यत झालेली नाही. दोघांनी मला रेटलं, सदरा फाटला, पण मी हललो नाही. तोंड गावाकडे होतं, म्हणून पाठ तुझ्याकडे.

नंतर आलो नाही, कारण गोदूकाकाच्या दारात बसून त्याची समजूत काढत होतो. अजून तो माझ्याशी बोलत नाही. डोकेदुखी तुझ्या मामीने रचली. फाटक्या सदऱ्याची गोष्ट तुला कळू नये, असं तिला वाटलं.

आणि खरा राग आता ऐक. तीन चक्र्या बदलल्या, क्लच जाळला, गावाशी वाकडं घेतलं आणि तू एकटी सुटलीस तेवढंच मला दिसलं नाही! सगळ्या गावाने पाहिलं, एक मी सोडून. मागे इंजिनाचा आवाज चढला आणि लांब गेला. गोदूकाकाचं तोंड उघडंच राहिलं, त्यावरून कळलं की तू निघालीस.

रविवारी ये. शेत रिकामं आहे, गाडी पुसून ठेवली आहे. धावली नाहीस तरी चालेल, मला फक्त सुटून दाखव.

लोभ होता तसाच आहे, हे पुन्हा लिहायला लावू नकोस.

तुझा,
धनेशमामा