आत्याच्या कार्डावरचे सोळा किलो

तीर्थस्वरूप आत्या,

दोन्ही हात जोडून नमस्कार (तिसरा असता तर तोही जोडला असता). गुडघा कसा आहे? आतोबांचा खोकला? अकरा दिवस तू माझा फोन उचलत नाहीस, त्यावरून तब्येत ठणठणीत असावी असं धरून चालतो.

माझं काम तुला ठाऊकच आहे. दहा हजार माणसं अंतराळात नेता येतील का, याचा आमचं ऑफिस अभ्यास करतंय. मोठी मंडळी इंधनाचं गणित मांडतात, माझ्याकडे फक्त वजनकाटा. ऑफिसातले आणि त्यांच्या घरचे अशा चारशे जणांना त्यावर उभं करायचं, आकडा कार्डावर लिहायचा आणि सरासरी दहा हजारांना लावायची. शेंबड्या पोरालाही जमेल असं काम. पण मी पडलो भिडस्त. पहिल्याच दिवशी ग्रंथपाल बाई चढल्या आणि आकडा बघून त्यांचा चेहरा असा उतरला, की मी गुपचूप दहा किलो कमी लिहिले. बाई हसल्या. मग सवयच लागली. माणसं चपला काढून, घड्याळ माझ्या हातात देऊन, श्वास रोखून चढायची आणि मी प्रत्येकाला सूट द्यायचो. (कँटीनच्या आचाऱ्याला वीस. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं गं.) हे सगळं दहा हजारांना गुणलं की सव्वा लाख किलो माणूस कागदावरून गायब होतो, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

तू तेवढी खणखणीत आवाजात म्हणालीस, "अठ्ठ्याहत्तर. लिही." मी बासष्ट लिहिले. मला वाटलं, मी माया केली.

पुढचं तुला सांगायला नको, पण लिहिल्याशिवाय मला गिळवत नाही. मुख्य इंजिनिअर साहेबांनी तपासणीला नेमकं तुझंच कार्ड उचललं आणि भरल्या हॉलमध्ये तुला पुन्हा काट्यावर चढवलं. लोक फिदीफिदी हसले. साहेबांनी विचारलं, "हे कुणी लिहिलं?" आणि तुझ्या हातचं खाऊन वाढलेला मी म्हणालो, "त्यांनी सांगितलं तेच लिहिलं." 'त्यांनी' म्हणालो, आत्यासुद्धा म्हणालो नाही. तू एकदा माझ्याकडे बघितलंस, पर्स उचललीस आणि गेलीस. मला माझीच लाज वाटते.

तुझा (अजून मानत असलीस तर) भाचा

ता. क. सोमवारी अकरा वाजता सगळ्यांचं वजन पुन्हा होणार आहे. त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर मी खरं सांगणार आहे. पुढच्या रांगेत बसशील? तू नसलीस तर माझी दातखीळ बसेल.

ता. क. २ चारशे कार्डांत एकच आकडा खरा आहे, साहेबांचा (त्यांना सूट द्यायची हिंमतच झाली नाही). आपल्यालाच तेवढी सूट मिळाली नाही हे त्यांना कळल्यावर माझं काय होईल, देव जाणे.

ता. क. ३ शाळेच्या तपासणीत मी हलका भरू नये म्हणून तू माझ्या खिशात पितळी कुलूप टाकलं होतंस. पकडलो गेलो, तेव्हा तू डॉक्टरांना म्हणालीस, "मी टाकलंय, पोराला बोलू नका." ते कुलूप अजून माझ्याकडे आहे.