साइडपट्टीवरचे धोंडे

१२ नोव्हें.
मोखाडा रस्त्याच्या वळणावर डांबराच्या कडेनं पट्ट्या मारून झाल्या. जाड, पांढऱ्या, चाक चढलं की गाडीतल्या माणसाचे दात वाजतात. डोळा लागलेला ड्रायव्हर खडबडून जागा होतो. मध्ये मध्ये मोकळ्या जागा सोडल्यात, शाळेच्या पोरींना सायकल आतबाहेर करायला. पट्टीपलीकडे साइडपट्टी त्यांचीच. बांधकाम खात्यातले माझे साहेब म्हणाले, "सायकलींचे एवढे लाड? सलग मारायची." मी भांडले. कडाकडा. "ट्रायल आहे हं. एक अपघात झाला की खरवडून टाकीन." टाका म्हटलं.

१५ नोव्हें.
पोशेरा गावच्या लहानूबाबांनी बरोब्बर साइडपट्टीवर नागली वाळत घातली. भोवती धोंडे, जीप चढू नये म्हणून. माझं डोकंच फिरलं.
"बाबा, पोरी सायकल कुठून नेतील?"
"तुझ्या पट्टीनं चांगला बांध घातला बाय. दाना रस्त्यावर जात नाय."
मी एकेक धोंडा उचलून दरीत फेकला. शेवटच्यानं बोट चेचलं. म्हातारा मुकाट्यानं नागली गोळा करत होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१८ नोव्हें.

लहानूबाबांची नात संगीता. दहावीतली. आईबाप वीटभट्टीवर, पोर आजोबांकडे. शाळेतून येताना जीपखाली. मी पोचले तेव्हा तिला नाशिकला नेलं होतं आणि लोक जीपचा ड्रायव्हर रमेश याला सायकलच्या साखळीनं मारत होते. "झोपला होता साला!" मी मध्ये पडले, पाठीत लाथ बसली. रमेशचा जबडा लोंबत होता. तरी बोलला, "धोंडे होते... ती रस्त्यावर आली... पट्टीवर चाक उडालं." कुणी ऐकलं नाही. जीप दरीत ढकलली.
मी वळून पाहिलं. लहानूबाबांनी नागली वळणापलीकडे हलवली होती; आता ती उचललेली, धोंडे मात्र तसेच. पट्टीत मोकळी जागा नाही, नेमकी तिथे. आणि म्हातारा एकेक धोंडा उचलून दरीत टाकत होता. तीन दिवसांपूर्वी मी टाकले तसेच. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

२० नोव्हें.
साहेब: "सायकलींसाठी जागा सोडली म्हणूनच झालं. अहवालावर सही कर, सोमवारी पट्ट्या खरवडतो." पोलीस: ड्रायव्हर झोपला होता. सगळ्यांचं सोयीचं. सही केली नाही, टेबलावर हात आपटला, पेला फुटला.
धोंड्यांचं सांगितलं तर म्हाताऱ्यावर केस. नाही सांगितलं तर रमेश आत, पट्ट्या गेल्या, पोरी परत ट्रकच्या चाकाशी. रमेशची बायको ऑफिसच्या पायरीवर बसून होती. मी तिच्या शेजारी बसले. 

२२ नोव्हें.
पोशेऱ्याला रास्ता रोको. टायर पेटवलेले. "ड्रायव्हरला फाशी द्या." माझ्या गाडीची काच फुटली, मांडीवर सगळा चुरा. सगळ्यात पुढे लहानूबाबा, हातात धोंडा. उतरून सरळ त्यांच्यापुढे उभी राहिले. इतका राग मला बापाचाही आला नव्हता कधी.
"बाबा, मी जबाब देणार. धोंड्यांचं सांगणार."
म्हणाले, "सांग. मना आत घाल. पन पोरीला नको सांगू."
धोंडा सुटून त्यांच्याच पायावर पडला. अंगठ्यातून रक्त. ते हललेही नाहीत.

२३ नोव्हें.
नाशिक, हॉस्पिटल. संगीता शुद्धीवर. डावा पाय गुडघ्याखाली नाही. मला ओळखलं.
"मॅडम, तो झोपला नव्हता. साइडपट्टीवर धोंडे होते, म्हणून मी बाहेर आले. कुणी ठेवले?"
तिच्या उशाशी लहानूबाबा, त्यांचा हात तिनं धरलेला.
"ज्यानं ठेवले त्याला सोडू नका. आजोबा, तुम्ही पण सोडू नका."
म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. तेवढ्यात ड्रेसिंगसाठी नर्स आली, आम्हाला बाहेर घालवलं.
बाहेर बाकावर बसून लिहितेय. पोलीस तिचा जबाब घ्यायला दुपारी येणार. त्याआधी एकालाच आत सोडतील म्हणतात. लहानूबाबा लंगडत जाऊन दाराशी उभे राहिलेत.
मी उठले नाही. तिला सांगायचं ते त्यांनीच.