पैनगंगेच्या उताराकडची पांधण

मी, देवसिंग रामसिंग राठोड, वय अदमासे एकाहत्तर, धंदा शेती, पूर्वीचा धंदा बैलांवर माल लादून नेणे, राहणार फुलसावंगीच्या दक्षिणेस पैनगंगेकाठचा तांडा, तालुका पुसद, जिल्हा यवतमाळ, लिहून ठेवतो की माझी नजर अधू झाली असली तरी बुद्धी शाबूत आहे. कोणी दम दिला किंवा गोड बोलला म्हणून मी हे करीत नाही. मी सांगतो आणि शाळेचे नानाजी मास्तर लिहितात. ते मधूनच माझी भाषा सुधारतात, त्याला माझी हरकत नाही.

कलम १. राहते घर माझी पत्नी मोतीबाई हिचे, ती हयात असेपर्यंत. तिच्यामागे ते मुलगा प्रेमसिंग याचे. सुनेने चूल वेगळी मागितल्यास मोतीबाईने कोणत्या चुलीवर जेवायचे, ते तिचे तिने ठरवावे.

कलम २. सर्वे नंबर ४१, साडेअकरा एकर, माझ्या कमाईतून घेतलेली जमीन, नदीकडे जाणारी गाडीवाट म्हणजे पांधण वगळून प्रेमसिंग यास. बैलजोडी व वखर त्यालाच. नानाजींनी येथे "कष्टाळू" असा शब्द घातला होता, तो मी खोडायला लावला. आईची काळजी घेतो, हे मात्र लिहावे.

कलम ३. मोठा तराजू व वजने नदीपलीकडील शेतकरी विठ्ठलराव यांस. त्या काठी निजामाचे राज्य होते, आम्ही मोगलाई म्हणायचो. मी इकडून मीठ नेई आणि तो मिरची देई. विठ्ठलराव मिरचीवर पाणी शिंपडतो हे मला तीस वर्षांपासून ठाऊक आहे. माझे मीठ दमट असते हे त्यालाही ठाऊक होते, म्हणून आमचे कधी भांडण झाले नाही. त्याला तराजू मिळत असल्याने तो साक्षीदार चालणार नाही असे नानाजी म्हणतात. याने त्याला राग येईल, पण तराजू घेईल.

कलम ४. नैसर्गिक कारणाने मेलेल्या माझ्या पहिल्या बैलाची घंटा आणि मोतीबाईने कवड्या लावून शिवलेल्या दोन गोण्या मुलगी लालीबाई हिला. ती पैलकाठी दिली आहे.

कलम ५. आता पांधणीबद्दल. माझ्या शेतातून, नदी गाडीने ओलांडता येते त्या उतारापर्यंत ही वाट जाते. दोन्ही काठांचा माल याच वाटेने ये-जा करतो. उतारापलीकडे पूर्वी निजामाचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. एका वर्षी तेथील मुन्शीने माझे चाळीस गोण्या मीठ दोन दिवस अडवून ठेवले. अवकाळी पाऊस आला. गोण्यांतून पांढरे पाणी ओघळले आणि नदीला मिळाले. मी तेथेच बसून रडलो. प्रेमसिंग तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, माझ्याबरोबर होता.

त्यानंतर दर दिवाळीला मी मुन्शीला तुपाची कासंडी देऊ लागलो. माझे बैल पुढे सुटत, बाकीच्यांचे उन्हात उभे राहत. तेव्हा मला त्याची लाज वाटली नाही. आता वाटते.

पुढे नाका उठला. १९५६ साली दोन्ही काठ एकाच राज्यात आले. विठ्ठलरावाचा कापूस आमच्या बाजूच्या जिन कारखान्यात येऊ लागला, परतीच्या गाडीत सरकीची ढेप जाऊ लागली. कोणी कोणाला सलाम करीना. मला वाटले, हे पाहायला मिळाले, पुष्कळ झाले.

गेल्या दिवाळीनंतर प्रेमसिंगने पांधणीच्या तोंडाशी आडवा बांबू लावला आणि भरल्या गाडीमागे चार आणे घेऊ लागला. मी विचारले तर म्हणाला, "बा, मुन्शी नुसता बसून खात होता. तूच त्याले तूप देत होता. मंग मीच कायले उन्हात वखर हाकू?"

विठ्ठलराव कापसाची गाडी घेऊन आला. बांबू पाहून म्हणाला, "देवसिंगभाऊ, निजामाचा नाका गेला. आता तुह्या पोराले सलाम करू काय?" त्याने गाडी वळवली. तेव्हापासून तो सहा मैल खालच्या उताराने जातो, आणि त्याच्यामागे इतरही जातात.

होळीला लालीबाई आली. गाडीत आमच्यासाठी दोन पोती ज्वारी होती. प्रेमसिंगने तिलाही थांबवले. तिने ओढणीच्या गाठीतून चार आणे काढून दिले आणि म्हणाली, "भिया, माहेरालेबी नाका झाला." दुसऱ्या दिवशी ती गेली. त्यानंतर आली नाही. मोतीबाई रोज उताराकडे बघत बसते. मला याचे फार वाईट वाटते.

म्हणून ही पांधण, रुंदी दहा हात, शेताच्या तोंडापासून उतारापर्यंत, मी लालीबाईच्या नावे करतो. नव्या कायद्याने मुलीलाही हक्क आहे. तिने तेथे काही पेरू नये, काही बांधू नये आणि कोणाकडून काही घेऊ नये. भावाची गाडीही तिने अडवू नये. तो तिचा भाऊ आहे.

कलम ६. माझ्या तिरडीला दोन बांबू लागतील. त्यातला एक पांधणीवर आडवा आहे तोच घ्यावा. तो प्रेमसिंगने आपल्या हाताने काढावा आणि त्याच बाजूला खांदा द्यावा. लालीबाई नदी उतरून येईपर्यंत मला उचलू नये.

मजकूर वाचून ऐकला, बरोबर आहे. अंगठा माझा आहे.

देवसिंग रामसिंग राठोड (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार: १. हरिसिंग चव्हाण, तांड्याचे नाईक (सही)
२. वामनराव, शेतकरी, फुलसावंगी (सही)
लिहिणार: नानाजी, शिक्षक

ठिकाण: तांडा, फुलसावंगीनजीक. तारीख १२ एप्रिल १९६२.

अंगठ्यानंतरची पुरवणी, त्याच साक्षीदारांसमोर: वाचन चालू असताना प्रेमसिंग दारात उभा होता. तो गेला आणि बांबू काढून घेऊन आला. तेवढ्यावरून कलम ६ रद्द होत नाही. बांबू आढ्याला बांधून ठेवावा. लालीबाईला आजच निरोप पाठवावा. मला घाई नाही.