अण्णा म्हणून मागितलेली तलवार

बसवकल्याण, १७ जून २०१०

नेट कॅफेत बातमी टाइप करत होतो. शेजारी शिवराज शिंपी, ऑनलाइन खेळात नवखा. तीन महिने खेळून एकच तलवार मिळवलेली. पडद्यावर कुणा अनोळखी खेळाडूनं आपल्या भागातल्या बोलीत त्याला लिहिलं, ‘अण्णा, तलवार दे, धार वाढवून परत देतो.’ वस्तू घेऊन पसार व्हायची ही लबाडी मला ठाऊक होती. आधी बातमी पाठवू, मग सांगू, म्हटलं. तेवढ्यात त्यानं ती देऊन टाकली.

मागच्या खुर्चीतला संतोष खदखदून हसला. “मीच की रे तो! अण्णा म्हणलं की काय बी देतूस व्हय?”

शिवराजनं कीबोर्ड उपटला आणि संतोषच्या तोंडावर हाणत सुटला. “आपल्याकडचा वाटला म्हणून दिलो की रे!” रक्त. फरशीवर एक दात.

दात मी उचलला. संतोषला दवाखान्यात नेलं.

बातमी वेळेत गेली. एक वाक्य आधी बोललो असतो तर? दात अजून माझ्याच खिशात आहे.